बंपर कोपऱ्यावर घासलाय : प्लास्टिकवर रंग टिकवायचा कसा?

कोपराखळी (धागाकर्ता)

गाडी स्विफ्ट, रंग सिल्की सिल्व्हर (कोड झेड२एस). मागच्या बंपरचा डावा कोपरा गेटच्या खांबाला घासलाय. तीन प्रकारचं नुकसान आहे:

१. तळहाताएवढ्या भागावर खांबाचा पांढरा रंग चिकटलाय.
२. त्याच्या खाली तीन-चार ओरखडे, त्यातल्या दोन ठिकाणी काळं प्लास्टिक दिसतंय.
३. चाकाच्या कमानीजवळच्या कडेला साधारण ५ सेंमीची चीर.

जागा ठाणे, सोसायटीचं पार्किंग (छप्पर आहे, भिंती नाहीत). कॉम्प्रेसर नाही, स्प्रे कॅन वापरायची तयारी आहे. कुठला थर कशावर, किती, कुठल्या नंबरचा पेपर, असं नेमकं हवंय. "गॅरेजला टाका" हा सल्ला माहीत आहे. :)

---

पत्रेवाला

आधी बंपरच्या आतल्या बाजूला हात घालून प्लास्टिकचा शिक्का वाचा. बहुतेक गाड्यांवर >पीपी+ईपीडीएम-टी२०< किंवा त्यासारखं काही कोरलेलं असतं. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्यात लवचीकपणासाठी रबर आणि २० टक्के टाल्क. पुढचं सगळं या एका ओळीवर ठरतं, कारण पीपीला काहीच चिकटत नाही. फेव्हिक्विक नाही, इपॉक्सी नाही, पत्र्यावरचा नेहमीचा प्रायमर नाही. एबीएस हे दुसरं प्लास्टिक असतं (ग्रिल, आरशाचं कव्हर) तर काम निम्मं सोपं होतं.

आता तुमचे तीन प्रकार.

पांढरा रंग चिकटलाय तो खांबाचा, तुमचा गेलेलाच नसेल कदाचित. शाम्पूने धुवा, मग मऊ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन चोळा. नाही निघाला तर रबिंग कंपाऊंड. थिनर लावू नका. कंपनीचा रंग पक्का भाजलेला असतो, त्याला फारसं होत नाही, पण बंपर आधी कधी कोणी बाहेर रंगवला असेल तर थिनरने तो लगेच मऊ पडतो. (हीच परीक्षाही आहे. खालच्या न दिसणाऱ्या कडेला थिनरचा बोळा अर्धा मिनिट धरा. कापडावर रंग उतरला तर जुना रंग एनसीचा (नायट्रोसेल्युलोजचा), म्हणजे ड्युको. त्यावर २के क्लिअर (हार्डनर मिसळलेला, सगळ्यात वरचा पारदर्शक थर) मारलं की सुरकुत्या येतात.)

पांढरं निघाल्यावर ओरखड्यावर पाणी टाका. ओला असताना दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटमध्येच आहे, २००० च्या वॉटर पेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) हलकं घासून पॉलिश केलं की झालं. ओला असूनही दिसतो आणि नख अडकतं, तिथे रंगच लावावा लागेल.

---

रंगारीकाका

पत्रेवाला यांच्याशी सहमत. एकच भर घालतो, कारण नव्या माणसाची चूक इथेच होते: घासण्याआधी धुवायचं, घासून झाल्यावर नाही. टायर पॉलिश, डॅशबोर्ड पॉलिश, वॅक्स या सगळ्यांत सिलिकॉन असतं. पेपर फिरवला की ते ओरखड्याच्या तळाशी जातं आणि मग रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. त्यावर आणखी रंग मारून ते भरत नाहीत, खड्ड्याभोवती नवा रंगही मागे सरतो. सगळं खरवडून परत सुरुवात.

क्रम असा: भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी, स्वच्छ पाणी, कोरडं, मग अल्कोहोल. अल्कोहोलसाठी दोन कापडं. एकाने ओलं पुसायचं, ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकाच कापडाने गोल गोल फिरवलंत तर चिकटपणा फक्त जागा बदलतो.

रॉकेल, पेट्रोल याने उघडं प्लास्टिक अजिबात पुसू नका. रॉकेल तेलकट थर सोडतं. पेट्रोल आतल्या रबरात मुरतं आणि नंतर रंगाखालून फोड होऊन बाहेर येतं.

---

मोजमाप

एक प्रश्न. पाणी एकसंध पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब झाले तर चिकट, ही चाचणी इथे चालेल का? आणि पाण्यात तुकडा तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस, असंही वाचलंय.

---

पत्रेवाला

दोन्ही चाचण्या इथे फसवतात.

थेंबांची चाचणी रंगवलेल्या भागावर चालते. उघड्या पीपीवर कितीही स्वच्छ केलं तरी पाण्याचे थेंबच होतात. त्या प्लास्टिकचा स्वभावच तो, आणि रंग न चिकटण्याचं कारणही तेच.

तरंगण्याची चाचणी शुद्ध पीपीसाठी ठीक आहे (घनता ०.९ च्या आसपास). पण २० टक्के टाल्क घातलेलं पीपी १.०४ च्या जवळ जातं आणि बुडतं. एबीएसही १.०५ ला बुडतं. तेव्हा शिक्काच वाचा.

---

कोपराखळी

शिक्का पाहिला, पीपी+ईपीडीएम-टी२०. पांढरं सगळं निघालं. आता चीर आणि काळं दिसणारे दोन ओरखडे राहिलेत. चीर पुट्टीने भरली तर?

---

दुपदरी

महिन्याभरात परत दिसेल. पुट्टी (लांबी) हा आकार नीट करायचा पदार्थ आहे, जोडायचा नव्हे. चिरेला ताकद मागून द्यायची.

१. बंपरची ती बाजू मोकळी करा. चाकाच्या कमानीतले स्क्रू, खालच्या क्लिपा आणि वरचे बोल्ट. क्लिपा तुटणारच, चार-सहा जास्तीच्या आणून ठेवा. रिव्हर्स सेन्सर असतील तर वायरचा जोड आधी काढा, मग ओढा.

२. चीर जिथे संपते तिथे ३ मिमीचं भोक पाडा. टोकाशी ताण एकवटतो आणि चीर पुढे सरकत राहते. गोल भोकात तो पसरतो.

३. पुढून दोन्ही कडा टेपने बरोबर जुळवून घ्या. मग मागून हॉट स्टेपलर. नागमोडी तार तापवून प्लास्टिकमध्ये दाबायची, दर दीड-दोन सेंमीला एक, चिरेला आडवी. जाडीच्या निम्म्यापर्यंतच घाला. जास्त गेली तर पुढून उंचवटा दिसतो. ५ सेंमीला तीन तारा पुरतात. बाहेर आलेले पाय थंड झाल्यावर कापा.

४. मागूनच पीपीच्या काडीने वेल्डिंग. काडी पीपीचीच हवी, एबीएसची काडी पीपीशी एकजीव होत नाही. वेल्डिंगची टीप (तापलेलं टोक) साधारण २३० ते २६० अंश. धूर निघून प्लास्टिक तपकिरी व्हायला लागलं तर उष्णता जास्त आहे, तो जोड ठिसूळ होतो.

५. पुढून चिरेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच, जाडीच्या एक तृतीयांश, आणि तीही काडीने भरायची. मग घासून सपाट.

सोल्डरिंग आयर्नवरही हे जमतं. फक्त चपटी टीप घ्या आणि सोल्डरचा अंश राहू देऊ नका.

---

घाटमाथा

घासताना पीपीला केस फुटतात त्याचं काय करायचं? १८० च्या पेपरने घासलं की कडा लोकरीसारख्या होतात आणि प्रायमरमधून वर येतात.

---

रंगारीकाका

ते प्लास्टिक कापलं जात नाही, वितळून ओढलं जातं. ग्राइंडर किंवा ड्रिलवर डिस्क लावून घासलं की हमखास. हाताने, हलक्या दाबाने, ताजा पेपर घेऊन. १८० फक्त वेल्डिंगच्या उंचवट्यापुरता, लगेच २४०, मग ३२०. तरीही केस राहिले तर हीट गन एकदा भराभर वरून फिरवा, थांबायचं नाही. केस आखडून बसतात. मग ४०० ने एक हात.

रंगाच्या कडेला मात्र वेळ द्या. जुना रंग जिथे संपतो आणि प्लास्टिक सुरू होतं तिथे पायरी असते. ती उतरती करत न्यायची, क्लिअर, रंग, प्रायमर, प्लास्टिक असे चार वलय दिसले पाहिजेत, झाडाच्या बुंध्यासारखे. डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला पायरी लागली तर रंगानंतर ती डोळ्याला लागणारच. सिल्व्हरमध्ये तर दुप्पट.

---

पत्रेवाला

आता थर. स्प्रे कॅन धरून लिहितो.

प्लास्टिक प्रायमर (ॲडहिजन प्रमोटर). पारदर्शक, पाण्यासारखा पातळ. उघड्या प्लास्टिकवर आणि भोवती दोन बोटं. दोन पातळ हात, मध्ये ५ मिनिटं. हा थर भरायला नसतो, त्यामुळे जाड मारला तर उलट नुकसान. तो थरच मधून सुटतो. आणि याला वेळेचं बंधन असतं. पुढचा थर कधी मारायचा हे कॅनवर लिहिलेलं असतं, बहुतेकांना १० मिनिटं ते तासभर. जेवून येतो म्हणालात तर परत मारा. यावर पेपर लावायचा नाही.

पुट्टी. "बंपर पुट्टी" किंवा "प्लास्टिक पुट्टी" असंच लिहिलेलं घ्या, ती वाकते. पत्र्याची पुट्टी बंपर दाबला की तडकते. १०० ग्रॅमला हार्डनर २ ते ३ ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून जास्त घातलं तर उरलेलं पेरॉक्साईड वर येऊन हलक्या रंगात पिवळट डाग दिसतो. तुमचा सिल्व्हर आहे, तेव्हा जपून. एका वेळी १-२ मिमी, एकूण ३ मिमीच्या वर नाही. उघड्या पीपीवर लावण्याआधी प्लास्टिक प्रायमर हवा की नको ते डब्यावर बघा, कंपनीगणिक फरक आहे. एनसी पुट्टी (ट्यूबवाली) फक्त सुईच्या टोकाएवढ्या भोकांना. ओरखडा भरायला वापरली तर थिनर उडत राहतो आणि दोन आठवड्यांनी खोलगट रेघ परत उमटते.

ग्रे प्रायमर सरफेसर (बारीक रेघा भरून सपाट करणारा थर). तीन हात, १० मिनिटांच्या अंतराने. रात्रभर ठेवा. सुकल्यावर लांबून काळ्या स्प्रेचा नुसता शिडकावा आणि ६०० ने पाण्यात, रबरी ठोकळ्यावर. काळे ठिपके जिथे राहतील तिथे खोलगट. पूर्ण गेले की ८००. सॉलिड पांढऱ्याला ६०० वर थांबलात तरी चालून जातं, मेटॅलिकला नाही, रेघा रंगातून डोकावतात.

भोवतीचा जुना क्लिअर, जिथवर नवा क्लिअर जाणार तिथवर, १५०० ने किंवा राखाडी स्कफ पॅडने पूर्ण मॅट. चकाकणारा एक ठिपकाही राहू नये. क्लिअर सोलून निघतो तो तिथूनच.

---

मोजमाप

सिल्व्हर आणि कॅन ही जोडी सगळ्यात अवघड आहे, हे धागाकर्त्यांना आधीच सांगायला हवं. रंगात ॲल्युमिनियमच्या चपट्या चकत्या असतात. ओला मारला तर त्या बुडतात आणि उभ्या-आडव्या राहतात, छटा गडद दिसते. कोरडा मारला तर सपाट बसतात, छटा उजळते. कोड तोच, डबा तोच, तरी हातागणिक रंग वेगळा.

म्हणून: रंग २० ते २५ सेंमीवरून, ५० टक्के आधीच्या पट्ट्यावर, मनगट न वळवता पूर्ण हात सरळ नेऊन. बटण बंपरच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं. दोन-तीन हात, प्रत्येक वेळी आधीचा पूर्ण मॅट झाल्यावर, साधारण १० मिनिटं. शेवटचा हात ३० सेंमीवरून, भराभर, नुसतं धुकं. ढगाळपणा त्याने जातो. प्रत्येक हात आधीपेक्षा चार बोटं पुढे न्या म्हणजे कड विरत जाते.

बाकी, बंपर आणि दरवाजा कारखान्यातूनच किंचित वेगळे असतात. पत्रा साधारण १४० अंशाला भाजतात, प्लास्टिक तेवढं सोसत नाही, ते ८०-९० च्या आसपास आणि बहुधा वेगळ्या लाइनवर. त्यामुळे जुळवायचं ते उरलेल्या बंपरशी, दरवाजाशी नव्हे. आधी पांढऱ्या पत्र्याच्या तुकड्यावर रंग आणि क्लिअर दोन्ही मारून उन्हात बंपरला लावून पाहा. क्लिअरशिवाय केलेली तुलना फुकट.

---

घाटमाथा

ठाण्यात ऑगस्टमध्ये हे करू नका, एवढंच म्हणतो.

---

रंगारीकाका

+१. कारण सांगतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या वर असतो. दोन अंशांनी थंडावलं की रंगावर दव. क्लिअर पांढुरका, दुधाळ होतो. २के क्लिअरमध्ये तर हार्डनर पाण्याशी भिडून वायू सोडतो, मग बारीक बुडबुडे. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम हवा. ३० अंशाला ६५ टक्के असेल तर दवबिंदू २३ च्या खाली, खुशाल मारा.

घाईच असेल तर पाऊस उघडलेला दिवस, सकाळी ११ ते ३. कॅन कोमट पाण्यात (३५-४० अंश) दहा मिनिटं ठेवा, उकळत्या पाण्यात कधीच नाही. कॅनमधल्या गोळीचा आवाज सुरू झाल्यावर आणखी दोन मिनिटं हलवा.

विदर्भातल्या मे महिन्याचा त्रास उलटा. रंग बंपरला लागायच्या आत हवेत सुकतो, हाताला खरखरीत लागतं. तिथे सकाळी सात.

---

कोपराखळी

समजलं, वेल्डिंग आणि पुट्टी आत्ता, रंग ऑक्टोबरमध्ये. प्रायमर दोन महिने उघडा ठेवला तर चालेल?

---

पत्रेवाला

कॅनचा साधा प्रायमर पाणी शोषतो. पावसात फिरलेल्या प्रायमरवर थेट रंग मारला की खालून बारीक फोड येतात. त्यापेक्षा वेल्डिंग करा आणि तिथेच थांबा. उघडं पीपी पावसात गंजत नाही, पत्र्यात आणि याच्यात हाच मोठा फरक. पुट्टीही तेव्हाच.

क्लिअरचं राहिलं होतं. १के क्लिअर (साधा कॅन) स्वस्त, पण पेट्रोलचा थेंब पडला की मऊ. २के कॅनच्या बुडाशी पिन असते, ती दाबली की आत हार्डनर मिसळतो आणि कॅन साधारण एक-दोन दिवसांत संपवावाच लागतो. घ्यायचा तर २के. पहिला हात मध्यम, १० ते १५ मिनिटं थांबून दुसरा भरपूर ओला, ओघळ यायच्या किंचित आधी थांबणारा. नवा क्लिअर मध्येच विरवू नका. बंपरच्या घडीच्या रेषेपर्यंत किंवा शक्य असेल तर पूर्ण बाजू. मध्येच संपवलेली क्लिअरची कड काही महिन्यांत पिवळी रेघ होऊन दिसते.

२के म्हणजे आयसोसायनेट (हार्डनरमधलं, श्वासातून गेलं तर घातक रसायन). कापडी मास्क, एन९५ यांचा उपयोग नाही, सेंद्रिय वाफांची काडतुसं असलेला अर्धा मास्क लागतो, शिवाय चष्मा आणि हातमोजे. पार्किंगमध्ये इतरांच्या गाड्यांवर धुकं बसेल आणि वर कोणाची खिडकी असेल, तेही बघा. हे काम कम्पाऊंडच्या मोकळ्या कोपऱ्यात किंवा बंपर पूर्ण उतरवून गच्चीवर.

प्रमाण: कोपऱ्यापुरतं करायचं तर प्लास्टिक प्रायमर, ग्रे, रंग आणि क्लिअर असा प्रत्येकी एक कॅन (४०० मिली) पुरून उरतो. पुट्टी १०० ग्रॅमपेक्षा कमी लागेल.

---

सातबारा

विम्याचं कोणीच बोललं नाही. क्लेम करायच्या आधी हिशोब करा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर घसारा ५० टक्के. रंगकामात मटेरियलवर ५० टक्के, आणि एकत्रित बिल असेल तर रंगाच्या रकमेचा २५ टक्के भाग मटेरियल धरतात. वर सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंत १००० रुपये. झिरो डेप असेल तर घसारा सुटतो, वजावट सुटत नाही.

खरा फटका नो क्लेम बोनसचा (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट). समजा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता १०,००० आहे आणि बोनस ५० टक्के. क्लेम केला की पुढच्या वर्षी ० टक्के, मग २०, २५, ३५, ४५ असं चढत परत ५०. दर वर्षीचा तोटा ५०००, ३०००, २५००, १५००, ५००. एकूण १२,५००, हप्ता तोच धरला तर. (बोनस सुरक्षित ठेवणारं ॲड-ऑन असेल तर गणित बदलतं.) एका कोपऱ्यासाठी क्लेम परवडत नाही.

---

घाटमाथा

अवांतर: काळा, खरखरीत, न रंगवलेला बंपर घासला असेल तर यातलं काही करू नका. पेपर लावला की पोत गेला, तो परत येत नाही. हीट गन लांबून फिरवून पांढुरकेपणा कमी करायचा आणि ट्रिम रिस्टोअरर (काळ्या प्लास्टिकचा रंग परत आणणारं द्रव) लावायचं. खोल ओरखडा असेल तर आहे तसा ठेवा.

---

कोपराखळी

विम्याचा विचार सोडला. शेवटचा प्रश्न, त्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर रिव्हर्स सेन्सर आहे. टेप लावून झाकला तर पुरे?

---

दुपदरी

काढून घ्या. टेपभोवती रंगाची कड साचते, आणि सेन्सर नि बंपर यांच्यामधली रबरी रिंग रंगाने चिकटली तर सेन्सरचं कंपन बंपरला जातं, मग मागे काही नसताना बीप. मागून दोन लॉक दाबले की तो बाहेर येतो. भोकात आतून टेप लावा. सेन्सरच्या तोंडावर जाड थर बसला तरी तो चुकीचं वाचतो, त्यावर पुट्टी-प्रायमर काही नको.

नव्या महागड्या गाड्यांत बंपरच्या आड रडार असतं. त्याच्या समोरच्या भागात पुट्टी, वेल्डिंग, स्टेपलरची तार काहीच चालत नाही, अनेक कंपन्या तिथे दुरुस्तीलाच मनाई करतात. तुमच्या स्विफ्टला तो प्रश्न नाही.

---

रंगारीकाका

आणि रंगाआधी एक चाचणी करा, फुकट आहे. बंपरच्या आत वळलेल्या कडेवर, जिथे कोणी बघत नाही, तेच प्लास्टिक, तीच तयारी, तेच सगळे थर. दोन दिवसांनी ब्लेडने १-२ मिमीच्या चौकटी पाडा, सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. चौकटी टेपबरोबर आल्या तर प्लास्टिक प्रायमर बदला किंवा सफाई परत करा. कोपऱ्याला तोवर हात लावू नका.

रंग झाल्यावर २के क्लिअर २४ तास तरी ठेवा, मग धूळकण असतील तिथे २०००, ३००० आणि कंपाऊंड. कडांवर पॉलिशर नको, तिथे थर सगळ्यात पातळ असतो. वॅक्स महिनाभर नाही, प्रेशर वॉशरची नळीही तोवर कोपऱ्यापासून लांब.

---

कोपराखळी

आतल्या कडेची चाचणी याच रविवारी, पाऊस नसेल तर. हॉट स्टेपलर भाड्याने मिळतोय, सोबत ०.६ आणि ०.८ मिमीच्या तारा आहेत. कुठली घेऊ?

---

दुपदरी

कडेजवळ प्लास्टिक साधारण अडीच-तीन मिमी असतं. ०.६ घ्या. ०.८ तापायला जास्त वेळ लागतो, तोवर भोवतीचं प्लास्टिक बसतं आणि पुढून डाग दिसतो.